मासा केव्हा धरावा: येलदरी, गोदावरी आणि जपानचा किनारा

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईचा किनारा इथून सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटर दूर. पण जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या तरुणांच्या मोबाइलवर जपानचा समुद्र रोज येतो. पहाटे बंदरातून सुटणारी होडी, तिच्या नाळेवर उभा राहून लांबवर लुअर फेकणारा माणूस, आणि पाण्याबाहेर उसळणारा हातभर लांबीचा मासा. ते पाहून एखादा ऑनलाइन रॉड-रील मागवतो आणि रविवारी येलदरीच्या काठावर जाऊन उभा राहतो. गळाने मासे धरणे आपल्याकडे जुनेच आहे. शौक म्हणून, लुअरसारख्या कृत्रिम आमिषाने, होडीत बसून मासे धरणे हे मात्र नवे. त्यातून पर्यटक येतील, काठावरच्या गावांना चार पैसे मिळतील, असेही आता बोलले जाते. ही आशा नीट तपासून पाहावी, एवढी ती मोलाची आहे. मात्र तपासताना रॉड कोणता, लुअर कोणता या चर्चेआधी मासा कोणत्या महिन्यात धरायचा आणि कोणत्या महिन्यात त्याच्या वाटेला जायचे नाही, हे ठरवावे लागेल. जपानच्या त्या होड्यासुद्धा याच हिशेबावर चालतात.

टोकियोच्या दक्षिणेला सागामी उपसागर आहे. कुरोशिओ हा उष्ण प्रवाह त्याच्या जवळून वाहतो आणि उन्हाळ्यात त्याच्याबरोबर शिइरा येतो. सोनेरी-हिरवा, तरंगत्या ओंडक्याच्या सावलीत थांबणारा हा मासा लुअर आणि पिसांची माशी फेकणाऱ्यांचा फार लाडका. कात्सुओ, म्हणजे आपल्या कुप्याचा भाऊबंद, वसंतात किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला सरकतो आणि शरदात अंगावर चरबी धरून परत फिरतो. थंडीत तोयामा उपसागराच्या काठच्या हिमी बंदरात बुरी हा मासा उतरू लागला की तिथला बाजार फुलतो. होडीवाला आपल्या गिऱ्हाइकाला आधी महिना विचारतो, मग मासा सांगतो. अशा होड्यांच्या धंद्यासाठी जपानने १९८८ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि आज प्रत्येक होडीवाल्याला प्रांताच्या गव्हर्नरकडे नोंदणी सक्तीची आहे. २०१८ च्या फेब्रुवारीपासून लहान होडीच्या डेकवरच्या प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घालावेच लागते. २०२१ च्या जूनपासून शौकिनाच्या गळाला ३० किलोपेक्षा लहान ब्लूफिन टुना लागला तर तो परत सोडावा लागतो आणि त्याहून मोठा ठेवला तर सरकारला कळवावे लागते. मोबाइलवरच्या चित्रफितीत हे नियम दिसत नाहीत. दिसतो तो फक्त उसळलेला मासा.

आपल्या कोकणातही गळाने मासे गरवायला जाणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. खाडीच्या तोंडाशी जिताडा, खडकाळ भागात तांबोशी, पुढे समुद्रात सुरमई. यांच्यासाठी लुअर वापरणारे तरुण आता रत्नागिरीपासून मालवणपर्यंत भेटतात. आणि कोकणाला बंदीकाळ ठाऊक आहे. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांनी समुद्रात जायचे नाही, हे किनाऱ्यावरच्या शाळकरी पोरालाही सांगता येते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांच्या विणीचा काळही तोच. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केला की हंगाम सुरू होतो. कायदा आणि रूढी तिथे एकमेकांना धरून चालतात.

परभणीत असे काही आहे का?

जिल्ह्यातले पाणी आधी पाहू. दक्षिणेला गोदावरी वाहते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा असे तालुके तिच्या काठाने येतात. तिच्यावर ढालेगाव, मुद्गल, डिग्रस असे उच्च पातळी बंधारे आहेत. उत्तरेकडून पूर्णा येते; तापीला मिळणारी वऱ्हाडातली पूर्णा वेगळी, ही अजिंठ्याच्या डोंगरातून निघणारी. जिंतूर तालुक्यात तिच्यावर येलदरीचे धरण आहे. १९६८ मध्ये पूर्ण झालेले हे धरण ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी साठवू शकते आणि त्याच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजघर आहे. खाली लगेच सिद्धेश्वर धरण. ते १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर तिकडे गेले, पण पाण्याच्या दृष्टीने ही जोडी एकच. सेलूजवळ दुधनेवर निम्न दुधना, जिंतूरकडे करपरा, गंगाखेडकडे मासोळी. शिवाय जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्याच्या मधून जातो. समुद्र नसलेल्या जिल्ह्याला हे पाणी कमी नाही.

त्यात मासे कोणते? बाजारात सर्वाधिक दिसतात ते कटला, रोहू आणि मृगळ. सायप्रिनस आणि गवत्या हे बाहेरून आणलेले. चिलापी तर आता न सोडताही सगळीकडे पोचली आहे. मूळचे मासे म्हणजे मरळ, वाम, शिंगाळा, शिवडा, बारीक खवली आणि झिंगे. लुअर घेऊन येणाऱ्याने पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती ही, की आपल्या धरणात सर्वाधिक संख्येने असलेले मासे लुअरला जवळजवळ विचारतच नाहीत. कटला वरच्या थरातले बारीक जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात वनस्पती आणि शेवाळ चाखतो, मृगळ तळाचा गाळ चिवडतो. त्यांना कणकेची गोळी किंवा कोंडा चालतो, चकाकणारा धातूचा मासा कशाला हवा? लुअरच्या मागे धावतात ते शिकारी मासे: मरळ, शिवडा, काही प्रमाणात शिंगाळा, आणि जिथे उरला असेल तिथे महसीर. सागामीच्या शिइराची जागा आपल्याकडे मरळच घेऊ शकेल. पाणवनस्पतींच्या कडेने रबरी बेडूक ओढत नेला की मरळ खालून असा आदळतो की पाणी फाटल्यासारखे वाटते. आणि नेमकी इथेच हंगामाची पहिली अडचण उभी राहते.

मरळ पावसाळ्यात विणतो. नर-मादी उथळ पाण्यातली वनस्पती बाजूला सारून जागा करतात, अंडी तरंगतात, पिले बाहेर आली की तांबूस थव्याने पृष्ठभागाशी फिरतात. आई-बाप त्यांच्या खाली पहारा देतात. या काळात थव्याजवळ काहीही पडले तरी मोठा मासा चवताळून त्याच्यावर झेप घेतो. भूक नसली तरी पिलांसाठी तो तोंड मारतो. म्हणूनच तो थवा दिसला की गळवाल्याला खात्रीने मासा मिळतो. आणि म्हणूनच त्या दिवशी मिळालेला मासा सर्वांत महाग पडतो, कारण पहारा सुटल्यावर ती शेकडो पिले इतर माशांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडी जातात. थव्यावर लुअर टाकायचा नाही, एवढा एक नियम प्रत्येक हौशी माणसाने पाळला तर त्याच्या छंदाला या पाण्यात जागा आहे. नाही पाळला तर त्याला येऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतर माशांची गोष्ट वेगळी, पण काळ तोच. मृगाचा पाऊस पडला, आर्द्रा-पुनर्वसूत ओढे वाहू लागले, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. हे चढणीचे मासे. ठाणे-रायगडकडे यालाच वलगण म्हणतात. गढूळ, ताज्या, वाहत्या पाण्यात, काठावर नुकत्याच बुडालेल्या गवतात अंडी टाकायची, हा त्यांचा हजारो वर्षांचा क्रम. अंड्यांनी पोट भरलेली रोहूची मादी शरीराच्या दर किलोमागे लाखांत अंडी देते. अशी एक मादी ओढ्याच्या तोंडाशी काठीने मारली की किती मासे गेले, याचा हिशेब करायला मत्स्यशास्त्र शिकावे लागत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत मासे धरणे सर्वांत सोपे असते. मासा उथळात येतो, अंड्यांनी जड झालेला असतो, त्याचे लक्ष वर चढण्याकडे असते. मृगाला मासे खाण्याची रीत तेलंगणात आहे आणि त्याला लागून असलेल्या आपल्या भागातही आहे. हैदराबादेत मृगाच्या मुहूर्तावर दम्यावर म्हणून मरळीचे जिवंत पिलू गिळायला देतात आणि निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्यातून लोक त्यासाठी जात आले आहेत. एका दिवसाच्या खाण्याला माझा विरोध नाही. मृगापासून पुढचे दोन महिने मात्र नदीला मोकळे सोडले पाहिजेत. समुद्राचा बंदीकाळ किनाऱ्यावर जसा पोराबाळांना पाठ आहे, तसा नदीचा बंदीकाळ आपल्या काठावर पाठ नाही. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे.

हा बंदीकाळ रुजला नाही, याला एक कारण धरणेच आहेत. कटला-रोहू साचलेल्या पाण्यात विणत नाहीत. त्यांना वाहते पाणी लागते. धरण बांधले की वरच्या बाजूला मोठा तलाव तयार होतो, पण वाट तुटते. येलदरीच्या वर खडकपूर्णा, खाली सिद्धेश्वर; मधल्या पाण्यात अडकलेल्या माशाला चढण म्हणून उरतात ते केवळ बाजूचे ओढे-नाले. म्हणून जलाशयात बाहेरून बीज सोडावे लागते. हे शक्य झाले ते एका मोठ्या भारतीय शोधामुळे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवले. त्या दिवसाची आठवण म्हणून देशात मत्स्यशेतकरी दिन पाळतात. तोवर मत्स्यबीज नद्यांतून गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या जातींची पिले मिसळलेली असत. इंजेक्शनमुळे मत्स्यजिरे हौदात तयार होऊ लागले आणि त्यांची बोटुकली करून जलाशयात सोडता येऊ लागली. मराठवाड्यातल्या प्रत्येक धरणाच्या मासळीमागे तो जुलै आहे.

पण याच सोयीतून एक समज घर करून बसला, की मासा म्हणजे पेरायचा आणि काढायचा. मच्छीमार सहकारी संस्था ठेका घेते, ठेका सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा, संस्थेने बीज सोडायचे आणि मासे काढायचे. बोटुकली बोटभर वाढलेली असेल तर जगते, लहान असेल तर शिवडा-मरळ तिला फस्त करतात. म्हणून बीज सोडणाऱ्याच्या दृष्टीने मरळ आणि शिवडा शत्रू. लुअरवाल्याच्या दृष्टीने तेच दोन मासे म्हणजे इथे येण्याचे एकमेव कारण. पर्यटनाची योजना मांडणाऱ्यांनी हा विरोध उघडपणे मांडलेला मी तरी वाचला नाही. तो सुटण्यासारखा आहे. मोठी बोटुकली सोडली तर दोघेही एका जलाशयात नांदतात. पण मोठ्या बोटुकलीला खर्च जास्त, ती संगोपन तळ्यात काही आठवडे वाढवावी लागते, आणि तो खर्च आज संस्थेच्या माथ्यावर पडतो.

भोई, कहार, कोळी समाजातल्या माणसांनी हा धंदा तोलून धरला आहे. येलदरीसारख्या अथांग पाण्यात थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा फुगवलेल्या ट्यूबवर बसून संध्याकाळी तंगूसचे जाळे लावायचे आणि पहाटे उचलायचे. होडी असली तर नशीब. मे महिन्यात पाणी आटत जाते तसे मासे एका जागी येतात आणि जाळ्याला भरभरून लागतात. थंडीत, जेव्हा परभणीचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरल्याच्या बातम्या येतात, तेव्हा मासा खोलात दबून बसतो आणि जाळे हलके येते. म्हणजे हंगाम आहे, तो पाण्याच्या पातळीने ठरतो. पातळी ठरवतात सिंचनाची आवर्तने, वीजघर, शहरांचे पिण्याचे पाणी आणि पाऊस. येलदरीतले सुमारे १२५ दशलक्ष घनमीटर पाणी मृतसाठा समजले जाते. दुष्काळाच्या वर्षी धरण त्या रेषेकडे सरकते तेव्हा कागदावर पाणी शून्य होते, पण मासे त्याच शून्यात जगायची धडपड करत असतात. २०१२-१३ आणि पुन्हा २०१४ ते २०१६ या दुष्काळांत मराठवाड्याने असे उन्हाळे पाहिले. मृतसाठ्यात उरलेले मोठे, विणीला आलेले मासे त्या मे महिन्यात बारीक आसाच्या जाळ्याने निपटून काढले, तर पुढच्या आर्द्रेला चढायला कोण उरणार? धरणातल्या पाण्याचे आरक्षण शेतीला असते, उद्योगाला असते, पिण्याला असते. माशासाठी किमान पातळी आरक्षित करण्याची मागणी संस्थांनी जोराने लावून धरली पाहिजे.

बारीक आसाच्या जाळ्याचे दुखणे उजनी धरणावरही जुनेच आहे. भिगवणचा मासळीबाजार हा महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्याच्या मासळीचा मोठा बाजार. तिथले मच्छीमारच लहान मासा काढण्याविरुद्ध आवाज उठवत आले आहेत. एकेकाळी उजनीची ओळख असलेल्या देशी माशांची जागा चिलापीने घेतली, हे तिथला कोणीही जुना माणूस सांगतो. येलदरीने तेच सगळे पुन्हा भोगायची गरज नाही. शिवाय थाई मांगूर: देशात बंदी असलेला, वाटेल ते खाणारा हा मासा शेततळ्यातून एकदा नदीत सुटला की परत धरता येत नाही. जपाननेही ही ठेच खाल्ली आहे. १९२५ मध्ये आशिनोको सरोवरात अमेरिकी ब्लॅक बास सोडला गेला. पुढे लुअरच्या शौकाची लाट आली आणि हा मासा देशभर पसरला. २००३ पासून शिगा प्रांताने बिवा सरोवरात धरलेला बास परत पाण्यात सोडायला मनाई केली, आणि २००५ मध्ये तो देशाच्या घातक परकी जातींच्या यादीत गेला. एरवी धरलेला मासा जिवंत सोडणे हा भल्या शौकिनाचा शिष्टाचार. बिवामध्ये त्याच शिष्टाचाराला मनाई आहे, कारण तिथले मूळचे मासे वाचवायचे आहेत. येलदरीवर चिलापीबाबत आणि मांगूरबाबत हाच नियम हवा: धरला तर घरी न्यावा. मरळ मात्र परत सोडावा.

आता हक्काचा प्रश्न. जपानकडून शिकण्यासारखे सर्वांत मोठे काही असेल तर ते इथे आहे. १९४९ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने तिथे नदी-सरोवरांतला मासेमारीचा सामाईक हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना दिला आणि त्याबरोबर माशांची संख्या वाढवण्याचे कर्तव्यही त्यांच्यावर टाकले. बीज सोडा, विणीची जागा राखा. नाही केले तर हक्क जाऊ शकतो. त्याच्या बदल्यात बाहेरून येणारा प्रत्येक हौशी माणूस संस्थेचा परवाना विकत घेतो, एका दिवसाचा किंवा वर्षाचा, काठावरच्या साध्या दुकानातून. कोणत्या तारखेपासून कोणता मासा धरायचा, किती लांबीच्या आतला सोडायचा, कोणता भाग बंद, हे संस्थेच्या नियमावलीत असते आणि तिला गव्हर्नरची मंजुरी असते. आयु नावाच्या नदीतल्या माशाचा हंगाम बहुतेक ठिकाणी जूनमध्ये उघडतो आणि त्या सकाळी काठ माणसांनी भरून जातो. डोंगरी ओढ्यांत रीळ नसलेली लांब काठी आणि पिसांची माशी घेऊन तेनकारा पद्धतीने मासे धरतात. तिथे शरदापासून हिवाळा संपेपर्यंत विणीसाठी बंदी असते. आपल्या पोरांच्या हातातली वेळूची काठी तेनकाराच्या फार जवळची आहे. महागडे रीळ नसले तरी हा छंद करता येतो, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

आपल्याकडेही सहकारी संस्था आहेत, ठेका आहे, बीज सोडण्याची अट आहे. म्हणजे सांगाडा जपानसारखाच. कमी आहे तो संस्थेच्या हातातला काठावरच्या शिस्तीचा अधिकार आणि हौशी माणसाकडून येणारे हक्काचे उत्पन्न. आज रॉड घेऊन आलेला माणूस आणि ठेकेदार संस्था यांची गाठ पडते ती भांडणातच. तो म्हणतो, मी दोन मासे धरले तर काय बिघडले. संस्था म्हणते, बीज आमचे. संस्थेचे म्हणणे खरे आहे. बीजाचे पैसे तिने भरले आहेत आणि पहाटेचे जाळे तिच्या सभासदाने उचलले आहे. दिवसाचा परवाना संस्थेने विकावा, त्याचा पैसा मोठ्या बोटुकलीला जावा, आणि होडी व वाटाड्या म्हणून सभासदाचाच मुलगा जावा. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचे ठरवले, आणि २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पिंजऱ्यातील संगोपनापासून बर्फपेट्यांपर्यंत अनेक गोष्टींना मदत आहे. या पैशातून काठावर संगोपन तळी झाली, तर ती पर्यटक निवासापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाची ठरतील.

होडीबद्दल मात्र घाई नको. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात वादळाने प्रवासी होडी उलटली आणि सहा जण बुडाले. वळवाचे वारे मोठ्या जलाशयावर काही मिनिटांत लाटा उठवतात आणि येलदरीचे पाणी त्याला अपवाद नाही. तराफ्यावर बसणाऱ्या मच्छीमाराला आज जाकीट नाही. पर्यटकाला ते देण्याआधी त्याला द्यावे. होडीची तपासणी, नोंदणी, वारा सुटला की न जाण्याचा नियम, एवढे झाल्याशिवाय कोणालाही हौसेसाठी पाण्यात नेणे मला मान्य नाही.

नदीचा भाग आणखी कठीण, कारण तिथे मासा धरायला माणसे कमी पडत नाहीत, मासाच कमी पडतो आहे. गोदावरीतले डोह ही उन्हाळ्यात माशांची शेवटची आसऱ्याची जागा. वाळूच्या उपशाने तळ खरवडला जातो, डोहांचा आकार मोडतो, विणीला लागणारी स्वच्छ वाळू-गोट्यांची जागा जाते. स्फोटके आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी ते थांबलेले नाही. बंधाऱ्यांचे दरवाजे पावसाळा ओसरल्यावर बंद होतात आणि पुराला उघडतात. इथे एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. खाली नांदेड जिल्ह्यात बाभळीचा बंधारा आहे. महाराष्ट्र आणि तत्कालीन आंध्र प्रदेश यांच्या पाण्याच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या फेब्रुवारीत निकाल दिला, की १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बाभळीचे दरवाजे उघडे राहतील. निकाल पाण्याच्या वाटपाचा आहे, माशाचा त्यात उल्लेखही नसेल. पण त्या तारखा चढणीच्या काळाशी बऱ्याच जुळतात. खालच्या श्रीरामसागर धरणाच्या फुगवट्यातून वर यायची वाट त्या चार महिन्यांत मोकळी असते. वरच्या बंधाऱ्यांचे दरवाजे कधी आणि कोणत्या क्रमाने उघडायचे, हे ठरवताना पाटबंधारे विभागाने मत्स्यव्यवसाय विभागाला शेजारी बसवले, तर एकही नवे बांधकाम न करता माशाला वाट मिळू शकते. पुराच्या पहिल्या आठ-दहा दिवसांची ओढ त्यासाठी मोलाची.

मासे राखण्याची आपली स्वतःची परंपराही आठवायला हवी. महाडजवळ वाळण कोंडीत देवीच्या नावाने महसीर राखले जातात, वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेच्या डोहातही. देवाचा मासा म्हणून गाव त्याला हात लावत नाही. लोणावळ्याला टाटांच्या वळवण धरणाजवळ १९७० च्या दशकापासून महसीरचे बीज तयार झाले आणि ते देशभर गेले. त्या उलट मुंबईचे पवई. १९५५ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन तिथे दशकानुदशके गळाची मासेमारी जपत आली, पण सांडपाण्याने आणि जलपर्णीने तलाव गुदमरला. हौशी माणसांची संघटना कितीही निष्ठेची असली तरी पाणी वाचवण्याची ताकद तिच्या एकटीकडे नसते. काठावरची गावे आणि सरकारी खाती बरोबर लागतात.

परभणीत सुरुवात कुठून करता येईल? येलदरी मोठी, दोन जिल्ह्यांत पसरलेली, तिथे सगळ्यांचे एकमत व्हायला वर्षे जातील. गंगाखेडजवळची मासोळी किंवा जिंतूरजवळची करपरा, असा एखादा मध्यम प्रकल्प निवडावा. मृगापासून श्रावण संपेपर्यंत जाळे आणि गळ दोन्ही बंद. त्या काळात ठेकेदार संस्थेच्या सभासदांना पोटासाठी काही मदत, जशी समुद्रकाठी बंदीकाळात मागितली जाते तशी. बीज बोटभर लांबीचे झाल्यावरच सोडायचे. जाळ्याच्या आसाला खालची मर्यादा, आणि ती संस्थेने स्वतः तपासायची. हस्त नक्षत्र सरल्यावर, पाणी निवळल्यावर, गळवाल्यांसाठी दिवसाचे मोजके परवाने, मरळ परत सोडण्याच्या अटीवर. मासे किती लागले, केवढे लागले, याची वही संस्थेने ठेवावी आणि उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी ती दरवर्षी तपासावी. तीन पावसाळ्यांनंतर त्या वहीत मरळीचा आणि शिंगाळ्याचा आकडा वाढलेला दिसला, तर येलदरीच्या संस्थांपुढे ठेवायला हातात काही असेल. वाढला नाही, तर बंदीचे महिने चुकले की बीज कमी पडले, हे त्याच वहीतून शोधावे लागेल. पर्यटकांच्या होड्यांचा विषय त्यानंतरचा.